कारकुनाची कबुली

पालकसभेला या वेळी आपण जावं, असा निर्णय मी घेतला. (आमच्या घरात निर्णय मी घेत नाही. चुकून घेतलाच, तर त्याचं काय होतं ते आता ऐका.) एरवी सभेला बायको जाते. ती परिचारिका आहे. दिवसभर माणसांना "काही झालेलं नाही, उठा" असं सांगते आणि घरी आल्यावर तेच मला सांगते. त्या दिवशी तिची ड्यूटी अचानक बदलली आणि मी म्हणालो, "मी जातो की. नुसतं बसून ऐकून घ्यायचं तर असतं."

नुसतं बसून ऐकून घेणं हा माझा धंदाच आहे. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे मी बसतो. खिडकीच्या काचेला खाली एक अर्धगोल भोक आहे. त्यातून लोकांचे हात आणि लोकांचा संताप आत येतो आणि माझ्याकडून बाहेर एकच वाक्य जातं, "चूक झाली साहेब. दोन दिवसांत बघतो." चूक कोणाची, पाणी का आलं नाही, दोन दिवसांत कोण काय बघणार, यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नसतं. पण एवढं म्हटलं की समोरचा जरा निवतो. इतकी वर्षं हे म्हणून म्हणून आता माझ्या तोंडाला त्याची सवयच जडली आहे. कुणी नुसता आवाज चढवला तरी ते आपोआप बाहेर पडतं. परवा रस्त्यात एका स्कूटरवाल्यानं मला धडक दिली आणि उठता उठता मीच त्याला दोन दिवसांची मुदत मागितली.

तर सभा. पाचवी-सहावीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही पालक बसलो होतो. इतिहासाच्या बाई उत्साही होत्या. (उत्साही माणूस दिसला की मला आधी दरवाजा कुठे आहे ते बघावंसं वाटतं.) त्या म्हणाल्या, "मुलांना इतिहास म्हणजे सनावळ्यांचा डोंगर वाटतो. आपण त्यांना गावाबाहेरच्या जुन्या किल्ल्यावर नेऊ. पण नुसतं दाखवायचं नाही. ती हात लावतील, प्रश्न विचारतील, शोध घेतील. किल्ल्याला वेढा पडला होता आणि एका सकाळी मागचा दरवाजा आतून उघडलेला सापडला. कोणी उघडला, हे कोणालाच माहीत नाही. मुलं तिथंच कोर्ट भरवतील आणि निकाल देतील. त्या काळातली माणसं मात्र तुम्ही पालकांनी व्हायचं!"

दातांच्या डॉक्टरांनी ताबडतोब हात वर केला आणि किल्लेदारपद मिळवलं. व्यायामशाळेचे मालक तोफखान्यावर गेले. विमा विकणाऱ्या एक बाई मुदपाकखान्याच्या प्रमुख झाल्या. मी हात वर केला तो एवढंच विचारायला, की बस परत कधी येणार.

"वा, कारकूनही मिळाले!" बाई म्हणाल्या.

"नाही, मी फक्त बसचं..."

"बसची चिंता करू नका. किल्ल्याच्या दरवाजांच्या चाव्या सांभाळणारा कारकून. तुम्हाला अभिनयसुद्धा करावा लागणार नाही."

सगळे हसले. मीही हसलो. सगळे हसले की हसावं, म्हणजे आपल्याला हसताहेत हे कळत नाही.

सभा संपल्यावर बाईंनी मला थांबवलं. त्यांचा आवाज एकदम हळू झाला. आमची कन्या त्यांच्या वर्गात आहे. घरी तिला आम्ही खारूताई म्हणतो, कारण कशाचीही चाहूल लागली की ती आत पळते.

"मुलगी हुशार आहे हो तुमची," बाई म्हणाल्या. "पण बोलतच नाही. वर्षभरात मी तिचा आवाज ऐकला तो फक्त हजेरीला, आणि तोही इतका बारीक, की दोनदा माझ्याकडून गैरहजेरी लागली. तिनं तेही सांगितलं नाही. या कोर्टात प्रत्येक आरोपीला एक वकील आहे. कारकुनाचं वकीलपत्र कोणी घेईना, म्हणून ते तिच्याकडे आलंय. बोलली तर बोलली. नाहीतर मला भीती वाटते, की ही पुढंही अशीच राहील."

"अशीच म्हणजे?"

बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला उत्तर समजलं.

घरी येईपर्यंत मी खिन्न होतो. बापाकडून मुलांना घर मिळतं, जमीन मिळते, निदान नाक तरी मिळतं. माझ्याकडून पोरीला काय मिळालं, तर मान खाली घालायची सवय. तिचं नाक आईवर आहे, सुदैवानं.

खारूताईनं मात्र वकीलपत्र मनावर घेतलं. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावरची भांडी बाजूला सारून ती मला समोर बसवायची. बोलायची हळूच, पण तिचा मुद्दा पक्का असायचा.

"हे बघ बाबा. चाव्या कारकुनाकडे असायच्या, पण रात्री त्या किल्लेदाराच्या खोलीत टांगायचे. म्हणजे उघडणारा किल्लेदार असू शकतो, त्याचा नोकर असू शकतो. मी हे सगळं सांगणार. तू फक्त एकच शब्द बोलायचा. 'दरवाजा तुम्ही उघडला का?' असं विचारलं की म्हणायचं, 'नाही.' म्हण."

"नाही... बहुतेक."

"बहुतेक नको!"

"नाही. म्हणजे, माझ्या माहितीप्रमाणे तरी..."

"बाबा!"

"चूक झाली," मी म्हणालो.

गॅसजवळून बायको म्हणाली, "जपून गं. लग्न झाल्यापासून 'नाही' हा शब्द ह्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. एकदम ताण देऊ नकोस."

पण पोरगी चिकाटीची. आंघोळीला जाताना, भाजी निवडताना, बूट घालताना ती अचानक विचारायची, "दरवाजा उघडला का?" आणि हळूहळू माझा 'नाही' जरा उभा राहायला लागला. आदल्या संध्याकाळी तर तो इतका खणखणीत आला, की खारूताई टाळ्या पिटून हसली. "उद्या असंच म्हण हं बाबा," ती म्हणाली. "तू नाही म्हणालास, की मग मी बोलू शकेन." झोपायला जाताना मला वाटलं, निदान एवढं एक आपल्याकडून पोरीला मिळेल.

सहलीचा दिवस उगवला तो पोतेऱ्याच्या रंगाचा. आभाळ खाली आलेलं, वारा बंद. नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याकडून आलेला माझा अंगरखा माझ्याहून मोठ्या कुणा कारकुनाचा होता. दाढी डिंकानं चिकटवली होती आणि ती खाजत होती. किल्लेदार झालेले डॉक्टर मात्र कमरेला तलवार लावून असे काही चालत होते, की तिकीट खिडकीवरच्या माणसानं त्यांचं तिकीट मागितलंच नाही. माझं मागितलं.

एक कबूल करायला हवं, मुलांना मजा आली. त्यांनी दोघा-तिघांत मिळून तोफेचा गोळा उचलून पाहिला, हात पसरून तटाची जाडी मोजली, धान्यकोठारात वाकून हाका मारल्या आणि आपलेच आवाज परत ऐकले. मागच्या दरवाजाचा अडसर ढकलायला किती जण लागतात, तेही करून पाहिलं. वर्गात जांभया देणारी पोरं बाईंना भंडावून सोडत होती. मी दरवाजाशेजारच्या देवडीत बसलो होतो. तिथं ओल होती आणि वटवाघळांचा वास होता. पोरं येऊन माझीही चौकशी करून गेली.

"कारकून, वेढा पडला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"इथंच बसलो होतो."

"लढला नाहीत?"

"माझ्याकडे ते खातं नव्हतं."

"मग लढाई संपल्यावर?"

"तेव्हाही इथंच."

एका मुलानं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं आणि खिशातली गोळी काढून दिली.

मग कोर्ट भरलं. जागा म्हणजे जुनं दारूकोठार. जाड भिंती, उंचावर एक झरोका, आत अर्धा अंधार. न्यायाधीश म्हणून तीन मुलं उलट्या टोपल्यांवर बसली होती. सरकारी वकील होता वर्गाचा मॉनिटर. तो असा मुलगा होता, की मोठेपणी कुठल्याही खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहणार. तोफखाना आला, 'नाही' म्हणून गेला. मुदपाकखाना आला, 'नाही' म्हणून जाता जाता एका शिक्षिकेला विम्याचं कार्ड देऊन गेला. किल्लेदारांनी तर 'नाही' असं म्हटलं, की झरोक्यातलं कबुतर उडालं.

मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. कडेला खारूताई उभी होती. दोन्ही हातांनी तिनं आपल्या फ्रॉकचा घेर मुठीत धरला होता आणि तिच्या ओठांची किंचित हालचाल चालली होती. तिचं भाषण ती मनात म्हणून बघत होती.

"दरवाजा तुम्ही उघडला का?" मॉनिटरनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

आला! बारीक आला, पण आला. खारूताईचा चेहरा उजळला. तिनं पुढं पाऊल टाकलं, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात किल्लेदार उठले. (हे ठरलेलं नव्हतं. पण तलवार कमरेला असली की माणसाला राहवत नाही.)

"खोटं!" ते गरजले. त्या कोठारात आवाज असा काही घुमला, की चहूबाजूंनी चार किल्लेदार ओरडल्यासारखं झालं. "चाव्या तुमच्याकडे! दरवाजा तुमच्या ताब्यात! आणि तुम्ही इथं आरामात बसता? लोकांचे हाल झाले त्याला जबाबदार कोण? उत्तर द्या! जबाबदार कोण?"

तो आवाज मला ओळखीचा होता. डॉक्टरांचा म्हणून नव्हे. तो रोज त्या अर्धगोल भोकातून येतो. माझी मान आपोआप खाली गेली, हात जोडले गेले आणि मी माझाच आवाज ऐकला.

"चूक झाली साहेब. दोन दिवसांत बघतो."

मग एकच गिल्ला झाला. "कबूल केलं! त्यानं कबूल केलं!" पोरं नाचायला लागली. बाई डोक्याला हात लावून म्हणाल्या, "अहो, काय केलंत हे?" मॉनिटर छाती पुढं काढून न्यायाधीशांना म्हणाला, "केस संपली." न्यायाधीशांनी आपसात कुजबुज करून कडेलोटाची शिक्षा ठरवली. कडेलोटाला शाळेची परवानगी नसल्यामुळे डबे खाऊन होईपर्यंत अंधारकोठडी.

मी खारूताईकडे बघितलं. बघायला नको होतं. तिचं तोंड अजून उघडंच होतं, पण त्यातला शब्द गेला होता. इतक्या संध्याकाळी टेबलाशी बसून जमवलेलं सगळं मी एका वाक्यात पुसून टाकलं होतं. तिला बोलायची एक संधी मिळाली होती आणि ती शत्रूनं नाही, मी घालवली होती. मला रडू यायला लागलं आणि दाढीचा डिंक सुटायला लागला.

"थांबा."

कोण बोललं ते कुणालाच कळलं नाही. बाईंनी तर मागं वळून दाराकडे पाहिलं.

"थांबा," खारूताई म्हणाली. "मला माझ्या अशिलाला प्रश्न विचारायचेत."

"केस संपली," मॉनिटर म्हणाला.

"तू गप्प बस."

मॉनिटर गप्प बसला. त्याला आयुष्यात हे कुणी सांगितलं नसावं.

खारूताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं कमरेवर हात ठेवले आणि एकदम आवाज चढवला. "आमच्या वर्गाच्या खिडकीची काच फुटलीय! जबाबदार कोण?"

"चूक झाली," मी म्हणालो. (मी त्या वर्गात पालकसभेपलीकडे पाऊल ठेवलेलं नाही.)

"आज ऊन नाही! फोटो काळे येणार! हे काय चाललंय?"

"चूक झाली. बघतो."

मुलं फिदीफिदी हसायला लागली. खारूताई हसली नाही. ती वळली आणि सरळ किल्लेदारांसमोर गेली. तलवारीसकट ते तिच्या दुप्पट होते.

"किल्लेदार, तुमच्या दवाखान्यात माझे बाबा आले होते. तुम्ही त्यांचा दात काढलात. दुखणारा काढलात का?"

किल्लेदारांच्या मिशीचं एक टोक खाली आलं. "ते... तो जरा गैरसमज झाला होता बाळा. शेजारचा निघाला."

"मग माफी कोणी मागितली?"

डॉक्टरांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. शेवटी म्हणाले, "त्यांनी."

दारूकोठारात त्या दिवशी दारू असती, तर तो स्फोट इतका मोठा झाला नसता. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. व्यायामशाळेचे मालक भिंतीला धरून हसत होते. मी माझ्या जिभेनं ती रिकामी जागा चाचपत उभा होतो.

"बाईंनी आपल्याला काय शिकवलंय?" खारूताई मोठ्यानं म्हणाली, आणि हसणं थांबलं. "कुणी काही बोललं, की ते लगेच खरं मानायचं नाही. कोण बोललं, का बोललं, कोणाला घाबरून बोललं, ते बघायचं. हा माणूस कोणालाही घाबरतो. घरी बेल वाजली तरी हा आतल्या खोलीत जातो आणि दार आई उघडते. हॉटेलात गार चहा आला तर हा गरम आहे म्हणून पितो. पाहुणे ह्याच्या खुर्चीत बसले तर हा त्यांना उशी आणून देतो. आणि तो दरवाजा बघितलात ना सगळ्यांनी? आपण अडसर ढकलून बघितला. तो उघडायला नुसती ताकद पुरत नाही, धाडस पण लागतं. शत्रूला आत घ्यायचं म्हणजे त्याच्याशी आधी बोलावं लागतं! ह्याला दूधवाल्याशी बोलता येत नाही!"

ती थांबली. तिला धाप लागली होती. गाल लाल झाले होते आणि डोळे असे चमकत होते, की मी माझी मुलगी पहिल्यांदाच बघत होतो. बाईंनी पदर डोळ्याला लावला. मीही रडत होतो. मॉनिटरला तो पश्चात्ताप वाटला असावा, कारण त्यानं मला आपला रुमाल दिला.

न्यायाधीश टोपल्यांवरून उठले, कोपऱ्यात जाऊन भांडले आणि परत आले. मधल्या न्यायाधीशानं निकाल सांगितला. "आरोपीत गुन्हा करण्याची कुवतच नाही. म्हणून कोर्ट त्याला निर्दोष सोडत आहे. किल्लेदारांची मात्र चौकशी व्हावी."

टाळ्या पडल्या त्या खारूताईला. मुलांनी तिला घेरलं. किल्लेदारांची चौकशीही तिच्याकडेच दिली गेली आणि डॉक्टर डबा खाईपर्यंत तिला उत्तरं देत होते. नंतर ती जेवली कुठं, कुणाबरोबर, मला दिसलं नाही. मी माझा डबा देवडीत बसून खाल्ला. तिथं बसायची मला तोवर सवय झाली होती.

परतीच्या बसमध्ये मी मागं, अंगरख्यांच्या गाठोड्याशेजारी बसलो. पुढून खारूताईचा आवाज येत होता. अख्ख्या बसमध्ये तोच एक येत होता. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी कडू होतं. आपल्या पोरीचं पहिलं भाषण व्हावं असं प्रत्येक बापाला वाटतं. त्याचा विषय आपण असू, हे कुणाच्या मनात येत नाही.

गाव जवळ आल्यावर ती उठून माझ्याकडे आली. गाठोडं सरकवून शेजारी बसली.

"बाबा, तुला राग आला?"

"छे गं."

"खरं सांग."

"जरासा आला," मी म्हणालो. "जरासाच. तू फार छान बोललीस. पण सगळ्यांसमोर गं, खारू."

तिनं गाठोड्यातून बाहेर आलेली एक बाही आत कोंबली. मग तिनं हळूच विचारलं, "मी खोटं काही बोलले का?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं माझा हात धरला. मग पुढून कुणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली.

घरी पोचलो तर बायको नुकतीच ड्यूटीवरून आली होती. खारूताईनं दारातूनच सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली, तीही इतक्या मोठ्यानं, की शेजारच्यांनी रेडिओ लहान केला. मग ती हातपाय धुवायला गेली. मी खुर्चीत बसून दाढीचा उरलेला डिंक खरवडत होतो.

"पोरगी जिंकली," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आणि तुमचं तोंड असं का?"

"जिंकली गं," मी म्हणालो. "पण मला तिनं भर कोर्टात, साक्षीपुराव्यानिशी, नेभळट ठरवलं."

बायकोनं चहाचं आधण ठेवता ठेवता माझ्याकडे वळून पाहिलं. तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

"अगं बाई," ती म्हणाली. "एवढ्याशा गोष्टीसाठी कोर्ट भरवावं लागलं?"